काळीवरचे छप्पर

वार्षिकांकासाठी लेख मागविणारी सूचना फलकावर लागली, तेव्हा मी माझा विषय मित्रांना सांगितला. "गोठ्यावर आणि टिनाच्या शेडवर लिहिणार आहे," असे म्हणताच सगळे हसले. एकाने विचारले, "तू आर्ट्‌सचा ना? मग इंजिनिअरांच्या पोटावर पाय कशाला देतोस?"

हसण्यात त्यांचा दोष नाही. कला शाखेच्या विद्यार्थ्याने काय लिहावे याचे काही अलिखित संकेत आहेत. त्याने कविता लिहावी, सहलीचे वर्णन लिहावे, फार तर हुंड्यावर किंवा बेकारीवर एखादा वैचारिक लेख लिहावा. पायाचा खड्डा किती खोल असावा, हा विषय त्या संकेतांत बसत नाही. परंतु मित्रहो, आपल्यापैकी निम्म्याहून अधिक जण ज्या घरांतून या महाविद्यालयात येतात, त्या घरांची फी ज्या दुधातून, ज्या शेळ्यांतून, ज्या सोयाबीनच्या पोत्यांतून निघते, ते सारे अशाच एखाद्या छपराखाली उभे असते. ते छप्पर उडाले की आपले शिक्षणही उघड्यावर पडते. हे मी अनुभवाने सांगतो आहे.

आमचे गाव घाटाखालचे. आपल्या बुलढाणा जिल्ह्याला घाटाने दोन भागांत कापले आहे, हे येथे कोणाला सांगायला नको. घाटावर बुलढाणा, चिखली, मेहकर, लोणार, देऊळगाव राजा, सिंदखेड राजा. घाटाखाली मलकापूर, नांदुरा, शेगाव, संग्रामपूर, जळगाव जामोद. वर अजिंठ्याच्या रांगेचे पठार, खाली पूर्णेचे खोरे. वरच्या माणसाला खालचा उन्हाळा सोसवत नाही आणि खालच्याला वरची हलकी जमीन पटत नाही. सोयरिकी जुळविताना देखील 'घाटावरचे की खालचे?' हा प्रश्न आपण पहिल्यांदा विचारतो. आश्चर्य एवढेच, की छप्पर घालताना मात्र हा प्रश्न कोणीच विचारत नाही.

आमचे जुने घर गावठाणात, पांढरीवर आहे. आजोबांच्या हयातीत गुरांचा कोठा त्या घराला लागूनच होता. पुढे वाटण्या झाल्या, घर काकांकडे गेले, आणि बाबांनी शेतात, म्हणजे काळीवर, गुरांसाठी शेड टाकले. तालुक्याच्या ठिकाणच्या एका वेल्डिंगवाल्याने लोखंडी अँगल आणले, हातभर खोल खड्डे घेतले, त्यात सिमेंट-गिट्टी ओतली, वर टिनपत्रे ठोकली आणि तीन बाजूंनी चार फूट उंचीची विटांची भिंत घातली. दोन दिवसांत काम संपले. आजोबा बाजेवर बसून पाहत होते. ते एवढेच म्हणाले, "काळीनं खायले द्यावं, पांढरीनं झोपू द्यावं. काळीवर घर बांधणाऱ्याले काळी झोपू देत नाही." वेल्डिंगवाला हसून म्हणाला, "आबा, सगळीकडं असंच करतो. आजपावतो कोणाची तक्रार नाही."

पहिल्या पावसाळ्यात फरशी मधोमध फुगून वर आली. दिवाळीनंतर भिंतीला कोपऱ्यापासून तिरपी भेग गेली. दुसऱ्या उन्हाळ्यात तिच्यात बोट जाऊ लागले आणि दोन खांब कलले. तिसऱ्या वर्षी, मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात, संध्याकाळी वावधान सुटले. आई धार काढून नुकतीच बाहेर पडली होती. अख्खे छप्पर, अँगलसकट, एखादे पान उचलावे तसे उचलले गेले आणि पलीकडच्या बांधावर आदळले. जाता जाता एका अँगलने आमच्या जोडीतल्या उजव्या बैलाचा मागचा पाय मोडला.

तो बैल आजही आमच्याकडे आहे. तो कामाचा राहिला नाही, आणि बाबांनी त्याला विकण्याचा विचारही केला नाही. जोडी मोडली म्हणून त्या वर्षी पेरणी भाड्याच्या ट्रॅक्टरने झाली, आणि माझ्या बहिणीचे बारावीनंतरचे शिक्षण एक वर्ष थांबले. छप्पर आणि शिक्षण यांचा संबंध मी वर जोडला, तो अलंकार म्हणून नव्हे.

त्यानंतर मी या विषयाच्या मागे लागलो. आजोबांच्या त्या दोन वाक्यांत काही शास्त्र आहे काय, हे मला पाहायचे होते.

'काळी' आणि 'पांढरी' हे दोन शब्द आपल्या ग्रामव्यवस्थेचे आधारस्तंभ आहेत. त्रिंबक नारायण आत्रे यांचा 'गावगाडा' १९१५ साली प्रसिद्ध झाला. आपल्यापैकी बहुतेकांनी तो परीक्षेपुरताच चाळला असेल. पण मराठी गाव समजून घ्यायचे तर आजही त्याच्यावाचून गत्यंतर नाही. काळी म्हणजे पिकाची जमीन आणि पांढरी म्हणजे वस्तीची. हा भेद महसुलाच्या सोयीसाठी कोणी कागदावर पाडलेला नाही. शतकानुशतके मातीच्या भिंती पडल्या, चुलींची राख साचली, आणि त्यातून गावाखालची माती पांढुरकी, भुसभुशीत झाली. ती पाणी प्याली तरी फुगत नाही आणि वाळली तरी काळीसारखी फाटत नाही.

काळीचा स्वभाव नेमका उलट आहे. आपली काळी जमीन बेसॉल्ट खडकाची, म्हणजे काळ्या फत्तराची, झीज होऊन तयार झाली. तिच्यातल्या चिकणमातीत मॉन्टमोरिलोनाइट नावाचे खनिज असते. त्याची रचना कागदाच्या गठ्ठ्यासारखी, एकावर एक पापुद्र्यांची. पाणी मिळाले की ते पापुद्र्यांच्या मध्ये शिरते आणि माती फुगते. ऊन लागले की पाणी निघून जाते, माती आकसते आणि तिला भेगा पडतात. कपाशीला हा गुण मानवतो. चिकणमाती ओल धरून ठेवते, भेगांतून हवा खेळते, आणि दरवर्षी वरची माती भेगांत पडून जमीन जणू स्वतःच स्वतःला नांगरते. पण जी जमीन दरवर्षी श्वास घेते आणि सोडते, तिच्या छातीवर हातभर पाया घालून उभे केलेले बांधकामही तिच्याबरोबर वरखाली होणारच.

येथे एक गोष्ट मला नव्याने कळली. आपला समज असा, की शेड हलके असल्याने त्याला पाया कमी लागतो. वास्तविक पाहता काळीवर हे उलटे आहे. जाड मातीच्या भिंतींचे वजन फुगणाऱ्या मातीला थोडेफार दाबून तरी धरते. टिनाच्या शेडला तेवढेही वजन नसते. म्हणून खालून माती त्याला वर ढकलते आणि वरून वारा त्याला ओढतो. हलक्या छपराचा पाया केवळ भार पेलण्यासाठी नसतो, तर छप्पर धरून ठेवण्यासाठी असतो. खुंटा जसा गुराला धरतो, तसा पायाने शेडला धरले पाहिजे.

यावर उपाय नाहीत असे नाही. रुरकी येथील केंद्रीय भवन संशोधन संस्थेने १९५० च्या दशकातच काळ्या जमिनीसाठी एक पद्धत शोधून काढली. हाताने चालणाऱ्या गिरमिटाने जमिनीत खोल, अरुंद भोक पाडायचे, तळाशी ते कांद्यासारखे रुंद करायचे आणि त्यात सळया घालून काँक्रीट भरायचे. हा फुगीर गड्डा खोलवर, जिथे उन्हा-पावसाचा फरक पोचत नाही, अशा मातीत रुतून बसतो. मग तो खाली खचत नाही आणि वरही उचलला जात नाही. दुसरा मार्ग मुंबईच्या आयआयटीतील प्राध्यापक आर. के. कट्टी यांनी दाखविला. फुगणाऱ्या मातीवर न फुगणाऱ्या पण चिकट अशा मातीचा दाबून बसविलेला थर दिला, तर खालच्या मातीचे फुगणे आवरते, हे त्यांनी प्रयोगांनी सिद्ध केले. आपल्याकडचा जाणता गवंडी पायात मुरूम भरून, पाणी मारून, धुमसून घेत असे, त्यामागेही काळीला इमारतीपासून दूर ठेवण्याचीच समजूत होती. म्हणजे विद्या उपलब्ध आहे, तीही पन्नास-साठ वर्षांपासून. मग ती आमच्या बांधापर्यंत का आली नाही?

माझ्या मते याचे कारण असे, की शेड ही आता बांधायची वस्तू राहिली नसून विकत घ्यायची वस्तू झाली आहे. पलंग घ्यावा तसे आपण शेड घेतो. आणि विकत मिळणारी वस्तू सगळीकडे सारखी असते.

भूगोल विभागाच्या सहलीबरोबर मी कोकणात श्रीवर्धन, हरिहरेश्वर या बाजूला गेलो, तेव्हा हे प्रकर्षाने जाणवले. तेथील जुनी घरे जांभ्याच्या चिऱ्याची आहेत. जांभा पाण्याने फुगत नाही. छपरे उतरती, कौलारू. कारण तेथे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस कोसळतो आणि आपल्याकडे साधारण त्याच्या एक चतुर्थांश. भिंतीला पावसाचा मारा लागू नये म्हणून पडव्या उतरविलेल्या आणि पावसाच्या अंगाला झावळ्यांचे झाप बांधलेले. या साऱ्या शहाणपणाच्या शेजारी, त्याच वाडीत, एक नवे शेड होते. तेच लोखंडी अँगल, तीच टिनपत्रे, तेच हूक! मला क्षणभर आमच्या शेतात उभा असल्यासारखे वाटले. फरक एवढाच, की आमचे शेड मातीने हलविले आणि ते खाऱ्या वाऱ्याने खाल्ले होते. प्रत्येक हुकाभोवती गंजाचे तांबडे वर्तुळ पडले होते. समुद्रावरून येणाऱ्या हवेतले मीठ जस्ताचा मुलामा खाते, मग लोखंड खाते, आणि ते सर्वांत आधी भोके पाडलेल्या जागी खाते. घरमालक म्हणाले, "निसर्ग आलं तेव्हा कौलं फुटली ती एकेक करून पुन्हा लावली. पत्रा गेला तो कुठं गेला ते कळलंच नाही." ३ जून २०२० रोजी 'निसर्ग' चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकले होते. त्या गृहस्थांच्या वाक्यात अभियांत्रिकीचा एक अख्खा धडा मला दिसला. कौलांचे नुकसान तुकड्यातुकड्यांनी होते. टिनाचे नुकसान एकदम होते, आणि ते दुसऱ्याच्या अंगावर जाऊन पडते.

आता कोणी म्हणेल, वादळ कोकणात येते, विदर्भाला त्याचे काय? हाच समज आपल्याला महागात पडतो. इमारतींवरील वाऱ्याच्या भाराविषयी भारतीय मानक आहे. त्यात निरनिराळ्या शहरांसाठी वाऱ्याचा पायाभूत वेग दिलेला आहे. त्यानुसार मुंबईचा वेग सेकंदाला ४४ मीटर, म्हणजे ताशी सुमारे १५८ किलोमीटर आहे. पुण्याचा ३९ आहे. आणि समुद्रापासून शेकडो कोस दूर असलेल्या नागपूरचा? तोही ४४ च! उन्हाळ्याच्या अखेरीस तापलेल्या जमिनीवर उठणारी आपली वादळे थोडाच वेळ टिकतात. पण तेवढ्या वेळात छप्पर नेण्यासाठी एक झोतही पुरतो. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा दाब चौपट होतो, हे आपण शाळेत शिकलो नाही, पण टिनाने आपल्याला शिकविले आहे. तीन बाजूंनी बंद आणि एका बाजूने उघडे शेड म्हणजे तर वाऱ्यापुढे धरलेले पोतेच. आतून वारा फुगवतो आणि वरून वाहणारा वारा ओढून घेतो.

आपल्याला समुद्र नाही, तरी त्याचा एक शाप मात्र आहे, आणि तो म्हणजे मीठ. अमरावती, अकोला आणि बुलढाणा या जिल्ह्यांतून पूर्णेच्या खोऱ्यात खारपाणपट्टा पसरला आहे. तेथे बोअरचे पाणी तोंडात धरवत नाही आणि जमीन चोपण होते. घाटावर लोणार आहेच. लवणासुराची कथा आपण लहानपणापासून ऐकतो, आणि ते सरोवर आजही खारे आहे. खारपाणपट्ट्यातल्या घरांच्या भिंतींना लोणा लागतो. जमिनीतली खारी ओल भिंतीतून वर चढते, पाणी उडून जाते, मीठ मागे राहते आणि गिलावा भुगा होऊन गळतो. तरीही आपण त्याच बोअरच्या पाण्यात सिमेंट कालवतो. काँक्रीटसाठीच्या भारतीय मानकात सळयांच्या काँक्रीटला वापरायच्या पाण्यात क्लोराइडचे प्रमाण लिटरला ५०० मिलिग्रॅमपेक्षा जास्त नसावे असे सांगितले आहे. कारण ते जास्त झाले की आतली सळई गंजते, फुगते आणि काँक्रीट फोडते. जे पाणी आपण पिऊ शकत नाही, ते आपली सळई तरी कसे पचवील? श्रीवर्धनच्या माणसाला मीठ वाऱ्यातून छळते, संग्रामपूरच्या माणसाला ते जमिनीतून छळते. दोघांना दोन वेगळी छपरे हवीत, आणि बाजार दोघांना एकच छप्पर विकतो.

केवळ बाजाराला दोष देऊनही चालणार नाही. २०२१ साली राज्य शासनाने शरद पवार ग्रामसमृद्धी योजना आणली आणि रोजगार हमीच्या जोडीने गोठा, शेळ्यांचे शेड, कोंबड्यांचे शेड यांसाठी मदत देण्याचे ठरविले. हेतू स्तुत्य होता, आणि गरीब माणसाच्या गुरांना पक्का गोठा मिळावा यासारखी चांगली गोष्ट नाही. पण त्या गोठ्याचे माप साऱ्या राज्याला एकच होते: लांबी ७.७ मीटर, रुंदी ३.५ मीटर, एकूण २६.९५ चौरस मीटर. आणि रक्कमही एकच. सिंधुदुर्गाच्या जांभ्यावर तेवढीच, मेहकरच्या मुरमावर तेवढीच आणि पूर्णाकाठच्या, कित्येक पुरुष खोल काळ्या मातीवरही तेवढीच. मुरमावर दोन फुटांत पाया लागतो. आमच्याकडे दोन फूट म्हणजे नुसती वरची साय. समान वागणूक आणि न्याय्य वागणूक यांत फरक असतो, असे आपले राज्यशास्त्राचे प्राध्यापक वर्गात सांगतात. त्याचे याहून ठळक उदाहरण मला माहीत नाही.

'जुने ते सोने' असा माझा दावा असल्याचा गैरसमज मात्र कोणी करून घेऊ नये. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीला भूकंप झाला. मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती आणि त्यांवरचे धाब्याचे, म्हणजे लाकूड-मातीचे वजनदार छत, झोपलेल्या माणसांवर कोसळले. सुमारे दहा हजार माणसे गेली. तीही पिढ्यान्‌पिढ्यांची घरे होती, उन्हाळ्यात गार आणि थंडीत उबदार. त्यानंतर अनेकांना टिनाचे छप्परच बरे वाटू लागले, आणि त्यांच्या भीतीला हसण्याचा आपल्याला अधिकार नाही. जुन्यातले शहाणपण घ्यायचे तर त्याची परीक्षा घेऊनच घ्यावे लागेल. टिनाचेही गुण आहेत. ते हलके आहे, गळत नाही, साप-विंचवांना थारा देत नाही. पण वैशाखात घाटाखाली पारा ४५ अंशांवर जातो, तेव्हा त्याच टिनाखाली म्हैस तोंडाला फेस येईतो धापा टाकते आणि दूध चोरते. टिन वापरू नका असे मी म्हणत नाही. टिन कोणत्या मातीवर, कोणत्या वाऱ्यात आणि कोणत्या उन्हात उभे राहणार, याचा विचार करून वापरा, एवढेच म्हणतो.

हा विचार आमच्या घरात कसा झाला, तेही प्रामाणिकपणे सांगतो. नवे शेड घालायचे ठरले, सोसायटीचे कर्ज मंजूर झाले, तेव्हा मी बाबांपुढे माझ्या वह्या घेऊन बसलो. त्यांनी सगळे ऐकून घेतले आणि विचारले, "तुह्या पुस्तकात भाव लिहेल हाये का?" तळाशी रुंद होणारे गिरमिट आमच्या पंचक्रोशीत कोणाकडे नव्हते, बाहेरून आणणे परवडणारे नव्हते. मी निरुत्तर झालो. मग बाबाच म्हणाले, "भेग कुठपर्यंत जाते ते तर पाहू." मेच्या मध्यावर आम्ही बाप-लेकांनी शेतातल्या भेगांत तार सोडून पाहिली. ती कुठे चार फूट गेली, तर कुठे साडेपाच. तेव्हा खांबांचे खड्डे सात फूट घ्यायचे ठरले. तळाशी प्रत्येक खांबाला आडव्या सळया जोडून काँक्रीट भरले, म्हणजे खालून पकड राहील. वरच्या भागात काँक्रीटभोवती प्लॅस्टिकचा कागद गुंडाळला, म्हणजे फुगणारी माती खांबाला चिकटून त्याला वर ओढणार नाही. खड्डे खोदून निघालेली काळी पुन्हा भरली नाही. मुरूम आणून धुमसला. पाणी बोअरचे घेतले नाही. टँकरने गोडे आणले, आणि त्यावरून गाव आम्हाला हसले. विटांची भिंत घातलीच नाही. तुराट्यांचा कुड घालून तो शेणा-मातीने सारवला. जमीन हलली तर तोही थोडा हलेल, पण तडकणार नाही; फुटला तर आई एका दुपारी लिंपून टाकील. शेडची लांबी पूर्व-पश्चिम ठेवली, म्हणजे सकाळ-संध्याकाळचे तिरपे ऊन आत येणार नाही. टिनाला वरून चुना मारला. वळचणीला आणि आढ्यापाशी हूक दाट मारले, आणि खांबापासून छपरापर्यंत तिरपे आधार दिले. वळचणीच्या पाण्याला पन्हळ लावून ते दूर काढून दिले. कारण पायाशी मुरलेले पाणी म्हणजे काळीला दिलेले आमंत्रण.

खर्च पहिल्या शेडपेक्षा वाढला, हे खरे आहे. पण पहिल्या शेडच्या खर्चात बैलाचा पाय आणि बहिणीचे एक वर्ष धरले, तर कोणते शेड स्वस्त, हे ज्याचे त्याने ठरवावे. नव्या शेडने एक पावसाळा आणि एक मे महिना काढला आहे. फरशीला एक बारीक भेग गेली आहे. खांब सरळ आहेत. एका वर्षावरून काहीच सिद्ध होत नाही, याची मला जाणीव आहे. काळी घाई करत नाही.

शेवटी माझ्या मित्रांना आणि गुरुजनांना दोन-तीन गोष्टी सुचवाव्याशा वाटतात.

पहिली गोष्ट, आपल्या भूगोल विभागाने आणि राष्ट्रीय सेवा योजनेच्या पथकाने दत्तक गावांत केवळ रस्ते झाडू नयेत. मे महिन्यात भेग किती खोल जाते, विहीर खोदताना मुरूम कितव्या फुटाला लागला, बोअरचे पाणी खारे की गोडे, आणि गेल्या वादळात कोणाचे टिन कोणत्या दिशेने उडाले, या चार प्रश्नांची उत्तरे प्रत्येक विद्यार्थ्याने आपापल्या गावातून आणली, तर जिल्ह्याच्या तेराही तालुक्यांचा असा नकाशा तयार होईल, की जो कोणत्याही वेल्डिंगवाल्याच्या भिंतीवर लावता येईल. त्यासाठी तार आणि वही एवढेच भांडवल लागते.

दुसरी गोष्ट मराठी विभागासाठी. कोठा, सपरी, कुड, धाबे, कवेलू, आढे, वळचण, पन्हळ हे शब्द ज्यांच्या तोंडी आहेत, ते गवंडी आणि सुतार आता सत्तरीत आहेत. शब्द गेला की त्यामागचे कसबही जाते. आपण ओव्या गोळा करतो, तसे हे शब्दही गोळा करावेत.

तिसरी गोष्ट, अकोल्याला डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ १९६९ पासून आहे. शेगावला अभियांत्रिकी महाविद्यालय १९८३ पासून आहे. आपण गोळा केलेली माहिती घेऊन त्यांच्या दारी जावे आणि तीन छपरांचे तीन साधे नकाशे मागावेत: एक घाटावरच्या मुरमाचे, एक घाटाखालच्या खोल काळीचे आणि एक खारपाणपट्ट्याचे. देऊळगाव राजा आणि सिंदखेड राजाच्या बाजूला भाजीपाल्याच्या बीजोत्पादनासाठी शेडनेट उभी राहिली आहेत. वाऱ्या-गारांत त्यांचे काय होते, हेही त्यांना विचारावे. नकाशा ते काढतील; प्रश्न मात्र आपल्यालाच न्यावा लागेल, कारण तो आपल्या घरचा आहे.

कला शाखेने छपरावर का बोलावे, असे मला विचारणाऱ्या मित्राला माझे उत्तर असे आहे. पाया कसा घालायचा हे अभियंता सांगेल. पण तो कोणासाठी, कोणत्या मातीत आणि कोणाला न विचारता घातला जातो आहे, हे सांगायला माणसांकडे आणि मातीकडे पाहायची सवय लागते. ती सवय लावणे हेच तर आपल्या शाखेचे काम आहे.

आजोबा गेल्या माघात वारले. नवे शेड त्यांनी पाहिले होते. खांबाला हाताने हलवून पाहिले आणि म्हणाले, "पाहू." त्यांच्या तोंडून याहून मोठी शाबासकी मी कधी ऐकली नव्हती. तीन पायांवर उभा असलेला आमचा बैल त्याच शेडमध्ये, भिंतीपासून दूर, मोकळ्या अंगाला बांधलेला असतो. वारा सुटला की तो अजूनही कान टवकारतो आणि वर पाहतो. मग बाबा उठतात, त्याच्या पाठीवर हात ठेवतात, आणि तेही वर पाहतात.